दप्तरातलं हरवलेलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



जून महिन्यात शाळा उघडते. नवं दप्तर, नवी बाटली, नवा डबा, कोऱ्या वह्या आणि त्यांना घातलेली खाकी कव्हरं. त्या आठवड्यात घराला एखाद्या सणासारखा वास असतो. मग जुलै उजाडतो आणि एकेक वस्तू नाहीशी व्हायला लागते. आधी खोडरबर. मग टोकयंत्र, ज्याला पुष्कळ ठिकाणी गिरमिट म्हणतात. मग डब्याचं झाकण. डबा घरी येतो आणि झाकण येत नाही, हे कसं घडतं ते आजवर कोणत्याही मुलाला सांगता आलेलं नाही. त्यानंतर बाटली, रेनकोट, एकाच पायातला मोजा. आणि एक दिवस कंपासपेटी जाते. कंपासपेटी गेली की मात्र घरात सभा भरते.

आज मी याच विषयावर बोलणार आहे. विषय लहान आहे, पण पाच रुपयांच्या खोडरबरापासून सुरू झालेली गोष्ट एखाद्या पोराच्या कपाळावर शिक्का मारून संपते, हे मी पाहिलेलं आहे. आणि तो शिक्का खोडणारं रबर कोणत्याही दुकानात मिळत नाही.

पहिली गोष्ट अशी की, शाळेत हरवलेल्या बहुतेक वस्तू कुणी घेतलेल्याच नसतात. माझ्या ओळखीच्या एका शाळेतल्या मामांना, म्हणजे शिपाईमामांना, मी विचारलं की संध्याकाळी वर्ग झाडताना काय काय सापडतं? ते म्हणाले, "रोज उचलत गेलो तर महिन्याभरात स्टेशनरीचं दुकान टाकता येईल." बाकाच्या कप्प्यात पट्ट्या, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बाटल्या, मैदानाच्या कडेला स्वेटर. सकाळी थंडी म्हणून आईनं घातलेला असतो आणि खेळताना घाम आला म्हणून काढलेला असतो. तो काढताना मुलाच्या मनात स्वेटर नसतोच, चेंडू असतो. रिक्षावाल्या काकांच्या सीटखाली टोप्या आणि छत्र्या. काही वस्तू तर दप्तरातच असतात, तळाशी, गेल्या महिन्यातल्या पेरूशेजारी.

दुसरा प्रकार अदलाबदलीचा. एकाच गावात, एकाच दुकानातून, एकाच आठवड्यात घेतलेल्या निळ्या बाटल्या एका वर्गात बारा असतील, तर कोणती कुणाची हे सात वर्षांच्या मुलानं कसं ओळखायचं? जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर आणि लग्नात मंगल कार्यालयाच्या दारात चांगल्या जाणत्या माणसांच्या चपला बदलतात. तिथं कुणी पंचायत बसवत नाही. माणूस उरलेल्या जोडांपैकी आपल्या मापाचा जोड पायात सरकवतो, दोन शब्द पुटपुटतो आणि घरी जातो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण लगेच तपास-अधिकारी होतो.

तिसरा प्रकार उसनवारीचा. "दे जरा" म्हणून मागितलेली पेन्सिल तास संपला की परत द्यायची असते, हे दोघांनाही माहीत असतं आणि घंटा झाली की दोघंही विसरतात.

आता उरला तो चौथा प्रकार, खरोखर घेतलेल्या वस्तूंचा. तो नाही असं मी म्हणत नाही. मुलं वस्तू घेतात. पण का घेतात, हे थोडं थांबून पाहिलं पाहिजे.

काही वेळा वस्तू फार सुंदर असते म्हणून. काही वेळा भूक असते. डबा जातो तेव्हा तर पहिली शंका भुकेचीच घ्यावी. काही वेळा आपल्याकडे कुणीतरी पाहावं म्हणून. पण मला सगळ्यात जास्त दिसलेलं कारण वेगळंच आहे. ते म्हणजे भीती. एका मुलाचं खोडरबर हरवतं. खरोखरच हरवतं, खिडकीतून खाली पडतं. घरी गेल्यावर मार बसणार, हे त्याला ठाऊक असतं. परवाच आई म्हणालेली असते, "आता हरवलंस तर बघ." मग तो शेजारच्याचं उचलतो. शेजारच्यालाही घरी आईच असते. तो पुढच्या बाकावरचं उचलतो. खिडकीतून एकच खोडरबर पडलेलं असतं, पण शनिवारपर्यंत वर्गातली सात खोडरबरं जागा बदलतात. सात घरांत सात मुलांना ओरडा बसतो आणि प्रत्येक घर म्हणतं, त्या शाळेत फार चोऱ्या होतात.

म्हणून वस्तू हरवल्याचं मूल घरी सांगतं, तेव्हाचं आपलं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं असतं. बहुतेक घरांत ते वाक्य ठरलेलं आहे: "कुणी घेतली?"

या प्रश्नात एक खोच आहे. 'कुणी' विचारलं की उत्तरात नाव द्यावं लागतं. वस्तू कुठं राहिली ते मुलाला आठवत नसतं, समोर बापाचा हात दिसत असतो आणि सुटकेचा एकच रस्ता उघडा असतो, तो म्हणजे एक नाव सांगणं. मग मूल नाव सांगतं. कोणतं सांगतं? डॉक्टरांच्या मुलाचं सांगत नाही. सरपंचांच्या नातीचं सांगत नाही. घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यात ज्या वस्तीचं, ज्या जातीचं, ज्या मोहल्ल्याचं नाव आधीच येऊन गेलेलं असतं, तिथलं नाव सांगतं. मुलाच्या मनात वाईट काही नसतं. आपण त्याच्या हाती जे दिलेलं असतं, तेच ते आपल्याला परत देतं.

त्याऐवजी विचारावं, "शेवटची कधी हातात होती?" चित्रकलेच्या तासाला होती. मग तास कुठं झाला? हॉलमध्ये. तिथं कुणाशेजारी बसला होतास? हॉलमधून आल्यावर दप्तर भरलं का? दहापैकी सात वेळा मूल मध्येच थांबतं आणि म्हणतं, "अरे हो!"

मी चौथीत असताना आमच्या वर्गातल्या एका मुलाची कंपासपेटी हरवली. पितळी कर्कटक असलेली, पिवळ्या डब्यातली. त्या काळी ती मोठीच चीज होती. गुरुजींनी वर्गावरून नजर फिरवली आणि चार नावं पुकारली. दोघं गावाबाहेरच्या पालावरून येणारे, एक हमालाचा मुलगा आणि चौथा मी. चौघांनी दप्तरं पुढं आणून टेबलावर उपडी करायची होती. पन्नास पोरांचा वर्ग होता. बाकीच्या सेहेचाळीस दप्तरांवर संशय नव्हता. माझ्या दप्तरातून वह्या-पुस्तकांबरोबर निघाली ती फडक्यात बांधलेली भाकरी, एक गोटी आणि उर्साच्या जत्रेतला तुटका भोंगा. भोंगा पाहून वर्ग हसला. शेजारच्या मुलाच्या दप्तरातून निघालं ते फक्त एक पुस्तक आणि पाटी. तिथं कुणी हसलं नाही, कारण हसण्यासारखंसुद्धा काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पेटी त्या मुलाच्या घरीच, पलंगाखाली सापडली. त्यानं ती आनंदानं सगळ्यांना दाखवली. गुरुजी माणूस वाईट नव्हते, ते म्हणाले, "चला, सापडली, बरं झालं." आम्हा चौघांना कुणी काही म्हणालं नाही. म्हणायचं काही असतं, हेच तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नसावं. पालावरचे दोघं दिवाळीनंतर शाळेत दिसले नाहीत. ते त्या कारणानंच गेले, असं मी म्हणणार नाही. पाल हलतो, माणसं पोटामागं जातात. पण जाताना त्यांनी शाळेची कोणती आठवण बरोबर नेली असेल, तेवढं मला ठाऊक आहे.

श्रोतेहो, यामागं जुना इतिहास आहे. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली. तिच्यात लिहून ठेवलं की, सात वर्षांच्या आतल्या मुलानं काहीही केलं तरी तो गुन्हा होत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, त्याला समज पुरेशी आली आहे की नाही हे पाहावं. चांगला नियम आहे. २०२४ च्या जुलैपासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिनंही हा नियम तसाच ठेवला. पण त्याच इंग्रज सरकारनं १८७१ साली दुसरा एक कायदा केला, गुन्हेगार जमातींचा. त्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवता येऊ लागल्या. पुढं तो आपल्या मुलखालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी लोकांची हजेरी सुरू झाली, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. सोलापुरात त्या वसाहतीच्या भागाला अजूनही लोक 'सेटलमेंट'च म्हणतात. म्हणजे एका कायद्यानं सात वर्षांचं मूल निष्पाप आणि दुसऱ्या कायद्यानं पाळण्यातलं पोर चोरांच्या यादीत! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या कायद्यातून मोकळ्या झाल्या. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, अभ्यासक्रमांतून ते शिकवलं गेलं. तरीसुद्धा वर्गात बाटली हरवली की आधी कोणतं दप्तर उघडलं जातं, ते पाहा. कायदा रद्द करायला एक तारीख पुरते. नजरेला तेवढ्यानं होत नाही.

चोर शोधण्याच्या आपल्या पद्धतीही मोठ्या मजेशीर आहेत. सगळ्यांना कोरडे तांदूळ चावायला द्यायचे; ज्याच्या तोंडाला कोरड पडली असेल, ज्याचे तांदूळ ओले होणार नाहीत, तो चोर. किंवा सगळ्यांना सारख्या मापाच्या काड्या द्यायच्या आणि सांगायचं, चोराची काडी रात्रीत बोटभर वाढेल. बिरबलाच्या नावावरची ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. चोर घाबरून काडी बोटभर कापतो आणि पकडला जातो. गोष्टीत ठीक आहे. पण गोष्टीतले नोकर मोठी माणसं होती. आठ वर्षांच्या वर्गात काड्या वाटल्या तर निम्मी पोरं रात्री काडी कापून ठेवतील, न जाणो आपलीच वाढली तर! तांदळाचंही तसंच. तोंडाला कोरड भीतीनं पडते आणि ज्याला नेहमी पहिल्यांदा धरलं जातं, त्यालाच भीती सगळ्यात जास्त असते. चोराच्या मनात चांदणं, असं आपण म्हणतो. ज्यानं काही केलेलं नाही त्याच्या मनात काय असतं, याचा विचार मात्र आपण करत नाही.

आणि शपथा! आईची शप्पथ, विद्येची शप्पथ, गळ्याशप्पथ. आमच्या पोरांना कुराणाची कसम घालतात. खोडरबरासाठी इतक्या मोठ्या गोष्टी कशाला पणाला लावायच्या? आमचे मक्तबमधले मौलवीसाहेब तर लहानसहान गोष्टीसाठी कसम खाणाऱ्या पोराचा कान पिळत. खरं बोललेल्याचाही पिळत.

यापुढची पायरी अंगझडतीची. तिच्याबद्दल मी गंमतीनं बोलणार नाही. मुलांचे खिसे उलटे करणं, कपडे तपासणं, वर्गासमोर उभं करून कबुली मागणं, हे होता कामा नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यावर तर बंदी घातली आहेच, पण मानसिक छळावरही घातली आहे. साऱ्या वर्गापुढं चोर म्हणून उभं करणं हा छळ नाही, असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं आधी स्वतः पाच मिनिटं तसं उभं राहून पाहावं.

मुलांना बरं-वाईट कसं कळत जातं, यावर जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं फार सुंदर काम केलं. १९३२ साली त्याचं त्यावरचं पुस्तक आलं. तो मुलांना दोन गोष्टी सांगे. एका मुलाला जेवायला हाक आली. त्यानं दार ढकललं, दारामागं ट्रेमध्ये कप ठेवले होते, त्याला माहीत नव्हतं. पंधरा कप फुटले. दुसऱ्या मुलानं आई नसताना खुर्चीवर चढून कपाटातला जॅम काढायचा प्रयत्न केला, त्यात एक कप फुटला. आता सांगा, जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणत, पंधरा फोडणारा. मोठी होत गेलेली मुलं हेतूकडे पाहू लागत. म्हणजे लहान मूल नुकसान मोजतं, मनातला विचार मोजणं त्याला हळूहळू जमतं. 'माझं' आणि 'तुझं' यांतलं अंतरही असंच हळूहळू कळत जातं. पहिलीतल्या मुलानं दुसऱ्याची रंगीत पेन्सिल खिशात घातली तर तो त्याच्या वाढीचा एक टप्पा आहे. आठवीतल्या मुलानं चौथ्यांदा तेच केलं तर बसून बोलायला हवं. दोघांना एकच शब्द लावून चालत नाही.

तो शब्द म्हणजे 'चोर'. मुलं चिठ्ठ्यांचा खेळ खेळतात, तुम्हीही खेळला असाल: राजा, प्रधान, शिपाई, चोर. चार चिठ्ठ्या उधळायच्या, ज्याला जी येईल ती. डाव संपला की चिठ्ठ्या पुन्हा गोळा करतात आणि पुन्हा उधळतात. मघाचा चोर आता राजा होतो. खेळात मुलांना हे सहज जमतं. आपण मोठी माणसं मात्र एकदा आलेली चिठ्ठी त्या पोराच्या खिशाला शिवून टाकतो.

आता एका बाईंची गोष्ट सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या तिसरीला शिकवतात. त्यांच्या वर्गात एका मुलीची नवीकोरी बाटली गेली. झाकण दाबलं की नळी वर येते, तसली. मुलगी रडायला लागली, वर्गातून दोन-तीन नावंही लगेच आली. बाईंनी नावं ऐकलीच नाहीत. त्या म्हणाल्या, "बाटली कुठं तरी राहिली असेल. आपण सगळ्यांनी शोधू. ज्याला सापडेल त्यानं ती माझ्या टेबलाशेजारच्या फळीवर ठेवायची. मी नसले तरी ठेवायची. कुठं सापडली, कशी सापडली, हे मी विचारणार नाही." दुपारी त्या मुद्दाम ऑफिसात जाऊन बसल्या. त्या दिवशी बाटली आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. रडणाऱ्या मुलीच्या वडिलांचा निरोप आला, बाईंना काही जमत नसेल तर आम्ही येतो. बाईंनी कळवलं, दोन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बाटली फळीवर होती. घासूनपुसून ठेवलेली, आणि पाण्यानं भरलेली.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, 'ज्यानं ठेवली त्याचं अभिनंदन' वगैरेही केलं नाही. बाटली तिच्या मालकिणीला दिली आणि पाढे घेतले. पुढं दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी एक मुलगी वर्ग रिकामा झाल्यावर मागं राहिली आणि तिनं आपणहून सांगितलं. तिचा धाकटा भाऊ तापानं पडला होता, पाणी पीत नव्हता. नळीनं पाणी प्यायला त्याला आवडेल, असं तिला वाटलं होतं. मी बाईंना विचारलं, "मग तो प्यायला का?" बाई म्हणाल्या, "अहो, मीही तिला आधी तेच विचारलं. प्यायला म्हणे."

बाईंनी मला त्या मुलीचं नाव सांगितलं नाही.

आता पाहू उलटी बाजू. आपल्याच मुलाच्या दप्तरात परकी वस्तू दिसली तर? पुष्कळ आईबाप इथं दोन टोकांना जातात. काही जण लक्षच देत नाहीत. 'असेल कुणाची तरी, ठेव.' काही जण मुलाला ओढत शाळेत नेतात आणि सगळ्यांदेखत माफी मागायला लावतात. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये 'मोठा होण्यासाठी चोरी' अशा नावाची एक रात्र आहे. श्यामला वाचायला पुस्तकं हवी होती, म्हणून त्यानं पैसे उचलले. पुस्तक १९३५ साली निघालं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या घराघरांत ते वाचून माणसं रडत आली. पण आपल्या पोरानं तसंच काही केलं की आपण श्यामच्या आईचं विसरतो आणि फौजदार होतो. आई त्याला टाकून बोलली नाही, त्याच्यातल्या चांगुलपणाशी बोलली. परकी वस्तू दिसली की एवढंच म्हणावं, "ही आपली नाही. उद्या परत द्यायची. कशी द्यायची ते आपण दोघं मिळून ठरवू." वस्तू परत गेलीच पाहिजे, त्याला सूट नाही. पण ती गाजावाजा न करताही परत जाते. बाईंच्या हाती दिली तरी जाते, फळीवर ठेवली तरी जाते.

आता थोडं व्यवहाराचं. वस्तूवर नाव घाला. स्टीलचा डबा असेल तर भांड्यांच्या दुकानात यंत्रानं नाव कोरून देतात, पूर्वीपासून देतात. आमच्या घरात आजीच्या नावाची ताटं अजून आहेत आणि त्यांना कुणी चोरायची हिंमत केलेली नाही. बाटलीच्या बुडाशी न पुसणाऱ्या शाईच्या पेनानं लिहा. स्वेटरच्या कॉलरच्या आतून रंगीत दोऱ्यानं दोन टाके घाला. ज्या माउलीला लिहिता येत नाही तिनं दप्तराच्या बंदाला लाल चिंधीची गाठ मारावी. ते तिच्या हातचं अक्षरच आहे. नाव बाहेर मोठ्या अक्षरांत घालू नये, इतकंच. रस्त्यावरच्या परक्या माणसानं मुलाला नावानं हाक मारावी, अशी सोय आपणच का करून द्यावी? सोन्याचे डूल, चेन, ईदीच्या किंवा वाढदिवसाच्या नोटा शाळेत पाठवू नयेत. मुलीची सायकल ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती गेली तर पाच किलोमीटरवरची शाळाही जाते. तिचा फ्रेमवरचा क्रमांक लिहून ठेवा, आणि गेलीच तर थेट पोलिसांत तक्रार द्या. आणि पाठ्यपुस्तक हरवलं म्हणून मुलाला बसवून ठेवू नका. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात; हवा तो धडा छापून देता येतो.

शाळेत एक पेटी हवी, सापडलेल्या वस्तूंची. पुठ्ठ्याच्या खोक्याचंही काम भागतं. आमच्या शरियतमध्ये पडलेल्या, सापडलेल्या वस्तूला 'लुकता' म्हणतात आणि तिचे नियम आहेत. हदीसमध्ये आलेला सांगावा साधारण असा की, सापडलेल्या वस्तूची पिशवी आणि तिचा बंद नीट लक्षात ठेवावा आणि मग वर्षभर ती सापडल्याचं पुकारत राहावं. यातली हुशारी पाहा. वस्तू सापडली एवढंच पुकारायचं. खूण आपल्यापाशी ठेवायची. जो येऊन बंदाचा रंग सांगेल, वस्तू त्याची. म्हणूनच मशिदीत नमाज झाल्यावर माइकवरून आवाज येतो, "एक चावी मिली है, जिनकी हो, पहचान बताकर ले जाएँ." पंढरीच्या वारीतही ध्वनिक्षेपकावरून हरवल्या-सापडल्याचा पुकारा चाललेला असतो. शाळेत तेच करावं. शनिवारी प्रार्थनेनंतर पाच मिनिटं: "एक डबा सापडला आहे." कुणाचा? माझा! माझा! तीन हात वर. मग विचारायचं, झाकणाच्या आत काय आहे? एक म्हणेल, काही नाही. एक म्हणेल, भाजी. तिसरी म्हणेल, चंद्र. आईनं खिळ्यानं चंद्र काढला आहे. डबा तिचा.

अलीकडे पालकांचे व्हॉट्सॲपवर गट असतात. दुपारी चारला संदेश येतो, 'आमच्या मुलाची पाण्याची बाटली दिसत नाही, कृपया सर्वांनी दप्तरं बघावीत.' इथवर ठीक. पाच वाजता कुणीतरी लिहितं, 'हे या वर्गात वारंवार होतं.' सहाला, 'सगळ्यांना माहीत आहे कोण ते.' रात्री नवाला एका घरातली बाई फोन हातात धरून बसलेली असते, कारण तिचा मुलगा नुकताच त्या शाळेत आलेला असतो आणि कुणीही त्याचं नाव घेतलेलं नसतं, तरी सगळे बोलत असतात ते त्याच्याबद्दलच, हे तिला कळलेलं असतं. सकाळी सातला संदेश येतो, 'बाटली रिक्षात सापडली, धन्यवाद', आणि शेजारी हसरा चेहरा. त्या सकाळी त्या गटावर आणखी एक ओळ कुणीतरी लिहायला हवी असते. मी अशी ओळ एकदाच वाचली आहे. बाटलीवाल्या मुलाच्या आजोबांनी लिहिली होती. 'काल या ठिकाणी जे बोललं गेलं ते चुकीचं होतं, आमच्यामुळे ज्यांना मनस्ताप झाला त्यांची मी क्षमा मागतो.' दिवसभर गटावर दुसरा कुठलाही संदेश आला नाही.

मघाशी सांगितलेल्या बाईंच्या वर्गातही आता पेटी आहे. वर्षाच्या शेवटी, एप्रिलमध्ये, ती त्या रिकामी करतात. मागच्या एप्रिलला मी तिथं होतो. फरशीवर सगळं मांडलं होतं: पट्ट्या, तीन टोप्या, कर्कटकाचा एक पाय, केसांच्या पिना, डब्यांची अकरा झाकणं. मुलं भोवती उकिडवी बसून आपापलं ओळखत होती. निम्मं गेलं, निम्मं उरलं. उरलेलं पुढच्या वर्षी ज्याला लागेल त्याला, असं ठरलेलं असतं. झाकणं मात्र कुणीच नेईना. एक मुलगा म्हणाला, "बाई, हे माझंच आहे, पण आता डबा हरवला."